पालथ्याचा चेहरा

साठीला टेकली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांतलं जवळपास कुणी उरलं नव्हतं, नाव मात्र चिकटून राहिलं. रस्त्याने जाणारे "काय धाकटे, आहेस ना दुकानात?" असं ओरडून विचारायचे. गिऱ्हाइकांची पोरं "धाकटी मावशी" म्हणायची, तेव्हा परक्याला वाटे, हिला कुणी थोरली बहीण असणार. होतीच. पण ती लग्न होऊन लांबच्या गावी गेली होती आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादी चक्कर टाकली तर टाकली.

धाकटीचं इस्त्रीचं दुकान खाणीच्या पायथ्याशी. दुकान कसलं, एक लांब टेबल मावेल एवढी खोली. टेबलावर जुन्या घोंगडीची घडी, तिच्यावर चादर, चादरीच्या कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी ठसा. झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली, भिंतीलगत गिऱ्हाइकांची गाठोडी, तारेवर हँगर. खाणीवरून वारा सुटला की बारीक धूळ आत यायची आणि धाकटी आधी धावून पांढरे शर्ट झाकायची, मग दार लावायची. धुळीशी तिचं वैर जन्माचं होतं. इस्त्री मात्र अशी करायची की कॉलर बघून लोक सांगत, हा धाकटीच्या हातचा शर्ट.

खाण आता नावाचीच खाण. फार पूर्वी कुणी लोक तिथल्या कड्यातून अवाढव्य पुतळे कोरून काढत. आडव्या कातळातच माणूस घडवायचा, मग पाठीकडून तो सोडवायचा आणि उतारावरून खाली न्यायचा. काही पुतळे छातीपर्यंत मातीत गाडलेले उभे होते, काही अजून कातळाला पाठ चिकटवून पडले होते. एके दिवशी सगळं टाकून ते लोक का गेले, कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून येणारे ते बघून तोंडात बोट घालत. गावाला त्याचं काही नव्हतं. घराशेजारच्या झाडाकडे आपण जसं बघतो, तसं गाव त्यांच्याकडे बघे. नावंही घरगुती ठेवलेली. एक लंब्या, एक नाकतुट्या आणि सगळ्यांत खाली, रस्त्याकडेला, पालथा.

पालथा सगळ्यांत मोठा. खाली नेताना निसटला असावा, तेव्हापासून तोंड मातीत खुपसून पडलेला. त्याची पाठ एखाद्या अंगणाएवढी रुंद. दुपारी तिच्यावर ऊन लखलखीत पडे, म्हणून धाकटी कित्येक वर्षं धुतलेल्या चादरी तिथेच वाळत घालायची. पुढे पुतळ्यांची देखरेख करणारं खाणीचं ऑफिस आलं, दोरखंड लागले आणि चादरी वाळत घालणं बंद झालं. त्याचा चेहरा कसा असेल, याचा विचार कुणी केला नव्हता. पालथा म्हणजे पाठ, बस्स.

धाकटीच्या आयुष्यातही असं एक न बघितलेलं तोंड होतं, आईचं. धाकटी रांगायच्याही आधी आई गेली. फोटो एकही नव्हता. बाबा कामावर जायचे आणि तिला वाढवलं ते ताईने. तेव्हा ताई स्वतःच एवढीशी, पण धाकटीला अंघोळ घालणं, भरवणं, मारणं, सगळं तिनेच केलं. धाकटी अधूनमधून विचारायची, "ताई, आई कशी होती गं?"

"चांगली होती. ताटातलं संपव."

मोठी झाल्यावरही उत्तर तेच, फक्त ताटाच्या जागी दुसरं काहीतरी. शेवटी धाकटीने विचारणं सोडून दिलं.

तर झालं असं, की पालथ्याच्या पोटाखाली पाणी मुरायला लागलं आणि पाठीवर एक भेग दिसली. खाणीच्या ऑफिसात एक बाई होत्या, संशोधन करणाऱ्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, खिशाखिशांचे शर्ट घालणाऱ्या. ते शर्ट धाकटीकडे यायचे आणि इस्त्री करण्याआधी तिला प्रत्येक खिशातून पेन्सिलीचे तुकडे आणि खडे काढून ठेवावे लागायचे. एकदा ते परत घेताना बाई म्हणाल्या, "मावशी, पालथ्याला आता उलटा करावा लागणार. नाहीतर दुभंगेल तो. बघायला नक्की या."

"उलटा म्हणजे सुलटा ना?"

बाई हसल्या. "हो, सुलटा. इतकी वर्षं उलटाच होता बिचारा."

त्या सकाळी सगळा गाव दोरखंडापाशी लोटला. धाकटी दुकान बंद करून नवऱ्याबरोबर गेली. नवरा नळदुरुस्ती करायचा, कानाने जरा कमी. त्याला पालथ्याचं सोयरसुतक नव्हतं, त्याला जॅक बघायचे होते. क्रेनचे रुंद पट्टे, दगडाला ओरखडा जाऊ नये म्हणून मध्ये घातलेल्या जुन्या गाद्या, खाली ओळीने लावलेले जॅक. "बघ, बघ, एकदम कसे उचलतात सगळे!" असं तो इतक्या मोठ्याने सांगत होता, की पुढचे लोक मागे वळून बघत होते.

पालथा हलला. मातीचे ढेपळे सुटून पडले, खालून ओलसर कुबट वास आला. हळूहळू खांदा वर आला, मग डोकं, आणि बऱ्याच वेळाने तो गाद्यांवर आकाशाकडे तोंड करून टेकला. कामगारांनी झाडूने चिखल काढला, पाण्याचा फवारा मारला. रुंद जबडा दिसला. एक भुवई दुसरीपेक्षा जराशी वर. खालचा ओठ एका बाजूला किंचित ओघळलेला, जसा राग गिळताना होतो तसा.

"अरेच्चा!" बेकरीवाला ओरडला. त्याची बेकरी धाकटीच्या दुकानासमोरच होती. "ही तर आपली धाकटी!"

लोक हसले. मग त्यांनी पुतळ्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, परत पुतळ्याकडे, आणि हसू विरलं. एकेक करत सगळी तोंडं तिच्याकडे वळली. धाकटीने आधी मागे वळून बघितलं, म्हणजे मागे कुणी आहे का ते. मागे कुणी नव्हतं. मग तिने दगडाकडे डोळे फाडून बघितलं. तिला दगड दिसला. मोठा, ओला, नाकडोळे असलेला दगड.

ती पाय काढता घेऊन घरी आली. आरसा बेसिनच्या वर. नवऱ्याने तो स्वतःच्या उंचीला लावलेला, त्यामुळे धाकटीला त्यात नाकापासून वरचंच दिसायचं. केस विंचरायला तेवढं पुरे, म्हणून तिने कधी तक्रार केली नव्हती. आज तिने बादली उपडी घातली आणि तिच्यावर चढली. ओठ बघितला. ओघळलेला होता? बोटाने वर केला तर सरळ झाला, सोडला तर... कळेना. रोज असाच असतो, की आजच बघायला लागल्यावर असा झाला?

"अहो," तिने हाक मारली. दुसऱ्या हाकेला नवरा आला. "माझं तोंड त्याच्यासारखं आहे का हो?"

"कुणासारखं?"

"पालथ्यासारखं."

नवऱ्याने तिच्याकडे टक लावून बघितलं. इतका वेळ तिच्याकडे बघत राहण्याची सवय त्याला राहिली नव्हती, तोही अवघडला, तीही. "तू बादलीवरून उतर आधी," तो म्हणाला. "फुटेल." आणि जरा थांबून, "मी तोंड बघितलंच नाही गं. मी जॅक बघत होतो."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात गर्दी सुरू झाली. लोक इस्त्री केलेलेच शर्ट परत इस्त्रीला घेऊन येऊ लागले. काही तर नुसते दारात उभे राहायचे आणि बाजारात वस्तू पारखावी तसे तिला पारखायचे. कुणी म्हणे, "तंतोतंत!" कुणी म्हणे, "छे, हनुवटी कुठे जुळते?" आणि दोघं तिच्या देखत तिच्या हनुवटीवरून वाद घालायचे. एक म्हातारी, जी आजवर कॉलरला सुरकुती राहिली म्हणून तोंडसुख घ्यायची, ती आता दबकून बोलू लागली. फोनवर फोटो निघू लागले. "मावशी, जरा रागावल्यासारखं करा ना," असंही एकाने सांगितलं. धाकटीला खरंच राग आला, तर तो म्हणाला, "बस, बस, असंच!"

"तुझे पूर्वज इथलेच असणार," बेकरीवाल्याने निकाल दिला. "त्या कोरणाऱ्यांतले."

"अरे बाबा, आम्ही इथले नाहीच मुळी. माझे वडील कामासाठी आले इथे, आईला घेऊन."

"मग तो दगडही बाहेरून आला असेल," बेकरीवाला म्हणाला आणि पाव भाजायला निघून गेला.

धाकटीला हसावं की रडावं कळेना. खरं म्हणजे तिला थोडं बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. लहानपणापासून सुंदर म्हटलं की ताई. धाकटीचा नंबर त्यात लागलाच नव्हता. आणि आता लागला तो असा, दगडात. पण पुतळा सुंदर होता का? हे ती कुणाला विचारणार? विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, हिच्या डोक्यात शिरलं.

फोटो फिरत फिरत तिच्या लेकीकडे गेला आणि लेकीने तो ताईला पाठवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ध्यानीमनी नसताना, ताई हातात पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभी. बसच्या प्रवासाने चुरगळलेली, केस विस्कटलेले.

"अगं, कळवायचं तरी!"

"कुठे आहे तो?" ताईने पाणीसुद्धा घेतलं नाही.

दोघी खाणीत गेल्या. ताई दोरखंडापाशी थांबली. मग चार पावलं बाजूला सरकून तिने मान वाकडी केली, आडव्या चेहऱ्याला उभा करून बघावं तशी. आणि बघता बघता मटकन खाली बसली.

"काय झालं? ताई! चक्कर आली का?"

"आई आहे ही," ताई म्हणाली.

धाकटीला आपण काय ऐकलं ते उमगेना. "कोण?"

"आपली आई. धाकटे, तू नाहीस ही. आई आहे." आणि जी ताई बाबा गेले तेव्हाही सगळ्यांना चहा करून देत होती, ती हमसून हमसून रडायला लागली. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिचं लक्ष ताईकडे नव्हतं. ती दगडाकडे बघत होती. ती भुवई, तो जबडा. हे असं होतं तर. इतकं साधं होतं. आपल्याला वाटतंय ते सुख की धसका, हे तिला सांगता आलं नसतं.

त्यानंतर दुकान उघडायच्या आधी ती रोज खाणीत जाऊ लागली. चोरून नाही, पण कुणाला सांगूनही नाही. उभी राहायची. पहिल्या दिवशी तिला आईच दिसली. दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात दोन शब्द बोलूनही झाले, लेकीबद्दल, नातीबद्दल. मग एकदा ढगाळ होतं, तर त्या उजेडात चेहरा पार निराळा दिसला, एखाद्या पुरुषाचा, तोही कंटाळलेल्या. ती घाबरून दुसऱ्या बाजूला गेली. तिथून परत बाईचा वाटला. पण ही बाई आणि कालची बाई एक की वेगळ्या? इस्त्री करताना तिचा हात थांबू लागला. एका गिऱ्हाइकाच्या चांगल्या विजारीवर डाग पडला, जे तिच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे मावशी, तुझं आता काय सांगावं!" म्हणजे काय, हेही तिला कळलं नाही.

ताई मुक्कामाला राहिली होती. दुपारी दुकानात बसून घड्या घालायला मदत करायची, म्हणजे वाकड्यातिकड्या घालायची आणि धाकटी त्या गुपचूप उलगडून परत घालायची. एका दुपारी ताई हातातली उशीची खोळ तशीच धरून म्हणाली, "नाही गं."

"काय नाही?"

"नाक. आईचं नाक तसं नव्हतं. आज परत जाऊन बघितलं मी. ती आई नाही."

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली. आयुष्यात ती ताईवर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आज समोरच्या बेकरीपर्यंत ऐकू गेलं.

"आधी आहे म्हणालीस! रडलीस! मी रोज जाऊन उभी राहते तिथे, वेड्यासारखी बोलते त्याच्याशी. आणि आता नाही म्हणतेस? मग कशी होती ती? सांग ना! कसं होतं नाक? उभ्या जन्मात एक शब्द सांगितला नाहीस तू मला!"

ताई खोळेची शिवण अंगठ्याने दाबत राहिली.

"मला आठवतच नाही," ती म्हणाली.

"काय आठवत नाही?"

"तिचं तोंड. नाहीच आठवत. ती गेली तेव्हा होतं डोळ्यांसमोर. मग तू आजारी, बाबांचं जेवण, तुझे कपडे... मी म्हणायची, नंतर आठवू. एक दिवस आठवायला गेले तर नव्हतंच. तू विचारायचीस तेव्हा मी काय सांगणार होते? ताईला आईचं तोंड आठवत नाही, असं सांगू? तुला मीच तर होते."

"मग नाक तसं नव्हतं, हे कशावरून?"

"ते माहीत नाही," ताई म्हणाली, आणि तिच्याच चेहऱ्यावर असा गोंधळ उमटला की धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने स्टूल ओढलं आणि ताईशेजारी बसली. दारात एक माणूस गाठोडं घेऊन आला होता, त्याला तिने हातानेच उद्या ये म्हणून सांगितलं.

मग ताई बोलू लागली. तोंड सोडून बाकीचं होतं तिच्याकडे, थोडं थोडं. आईच्या टाचा फुटलेल्या असायच्या आणि चादरीला अडकायच्या, त्याचा खरखर आवाज. ती भलत्याच चालीत गुणगुणायची आणि बाबा हसायचे. एकदा चिडून तिने भांडं खिडकीतून बाहेर फेकलं आणि मग स्वतःच जाऊन शोधून आणलं. "तुला उजव्या कडेवर घ्यायची," ताई म्हणाली. "की डाव्या? थांब, दार इकडे होतं, म्हणजे डाव्या." बराच वेळ ती हवेत हात करून दार, खिडकी, चूल कुठे होती ते लावत बसली.

त्याच आठवड्यात बाई शर्ट न्यायला आल्या. धाकटीने पेन्सिलीचे तुकडे त्यांच्या हातावर ठेवले आणि विचारून टाकलं, "बाई, खरं सांगा. तो कुणाचा चेहरा आहे?"

"कुणाचाच नाही अजून," बाई म्हणाल्या. "तो पूर्ण झालेलाच नाही, मावशी. डोळ्यांचं आणि ओठांचं शेवटचं काम खाली नेल्यावर करायचे ते. ओठ ओघळलेला दिसतो ना, तो कोरायचा राहिलाय बहुतेक. किंवा तसाच ठेवायचा असेल, आम्हालाही नक्की नाही सांगता येत."

"मग माझ्यासारखा दिसतो, ते?"

"दिसतो तर खरा." बाईंनी तिच्याकडे बघितलं. "पण परवा संध्याकाळी मला तो माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा दिसला. आता यावर मी काय लिहू?"

धाकटीला वाटलं होतं, उत्तर मिळालं की मन हलकं होईल. हलकं झालं नाही, जडही झालं नाही. तिने शर्टांची घडी नीट केली आणि त्यांच्या हातात दिली.

पुढे गर्दी आपोआप ओसरली. लंब्याच्या मागे जमिनीत आणखी एक हात सापडला आणि गाव तिकडे धावला. ओघळलेला ओठ धाकटीचाच, असं म्हणणारे अजून होते, पण ते आता सवयीने म्हणायचे. एकदा ती खाणीत उभी असताना कुठल्याशा लांबच्या गावच्या कुटुंबाने तिच्या हातात फोन दिला, "आजी, आमचा एक काढता का, तो चेहरा मागे येऊ दे." तिने काढला. त्यांतल्या एकालाही तिच्याकडे बघून काही वाटलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि उतारावरून खाली येईपर्यंत जरा वाईटही वाटलं.

ताई महिनाभर राहून गेली. आता ती दर रविवारी फोन करते, हे पूर्वी कधी नव्हतं. फोन उचलला की हॅलो वगैरे नाही, थेट सुरुवात. "आई पाणी उभ्यानेच प्यायची." किंवा, "तिला मांजर आवडायचं नाही, घरात आलं की हाकलायची." धाकटी ऐकते, एकेक गोष्ट तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणते. कधी पुढच्या रविवारी ताई आपणच म्हणते, "मांजराचं खोडून टाक, ते शेजारणीचं होतं." धाकटी बरं म्हणते.

मध्यंतरी ताईने सांगितलं, "आईला पोहता यायचं. नदीच्या पलीकडे जाऊन परत यायची, मी काठावर तिचे कपडे सांभाळत बसायची." धाकटीला त्या दिवशी जेवायचंही भान राहिलं नाही, इतकी ती हरखली. तिने लगेच लेकीला फोन केला, लेकीने नातीला सांगितलं. नात पाण्याला घाबरायची. पणजी नदी पार करायची हे ऐकून ती गेली की पोहायच्या क्लासला.

रविवारी ताईचा फोन आला. "ते पोहण्याचं," ती अडखळत म्हणाली, "ती आपली मावशी असावी गं, आईची बहीण. आई काठावर माझ्याशेजारी होती वाटतं. मी फार विचार केला, पण नक्की काही सांगता येत नाही."

"असू दे," धाकटी म्हणाली. नवरा आतून मोठ्याने विचारत होता, कुणाचा फोन, काय म्हणतात. तिने हाताने त्याला थांब म्हटलं. "ताई, काठावर बसलेली असताना आई काय करत होती?"

पलीकडे ताई विचार करत राहिली. पोहण्याचं खोडून टाक म्हणून सांगायला धाकटीने लेकीला परत फोन काही केला नाही.